ब्लडी मेरी: आधी रस, मग व्होडका

ब्लडी मेरी मिळते बारमध्ये, पण ती जमते किंवा बिघडते स्वयंपाकघरात. मार्टिनीला दारू उत्तम लागते, मापं काटेकोर लागतात आणि हात बसलेला लागतो. ब्लडी मेरीला लागते ती चमच्याने चव घेऊन बघायची सवय. मीठ कमी पडलंय की आंबट, तिखट फार पुढे आलंय की मागेच राहिलंय, हे ज्याला टोमॅटोचं सार करताना कळतं, त्याला हे पेय अवघड जाऊ नये. तरी आपल्याकडे घरी चार मंडळी जमली की लोक मोहितोच्या मागे लागतात, पुदिन्याच्या जुड्या संपवतात आणि ब्लडी मेरीच्या वाटेला जात नाहीत. गेलेच तर खोक्यातला गोड टोमॅटो ज्यूस, त्यात व्होडका, वर दोन थेंब टबॅस्को. आणि मग ‘हे गार सूप कोण पितं?’ असा निकाल लागतो. निकाल बरोबर असतो, फक्त त्यात बिचाऱ्या मेरीचा दोष नसतो.

म्हणून पहिली गोष्ट. व्होडकाची बाटली उघडायच्या आधी रस पूर्ण तयार करा, गार करा आणि चाखून बघा. नुसता रसच ग्लासभर प्यावासा वाटला पाहिजे. व्होडकाला स्वतःची चव जवळपास नसते, त्यामुळे फिक्या रसाला ती सावरत नाही; उलट आणखी पातळ करते.

या पेयाच्या जन्माचं श्रेय कुणाचं, यावर जो वाद झाला त्यातही मुद्दा हाच होता. फर्नांड पेतियो हा फ्रेंच बारटेंडर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या ‘हॅरीज न्यूयॉर्क बार’मध्ये काम करत होता. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, तहानलेले अमेरिकन पॅरिस गाठत होते, आणि क्रांतीनंतर रशियातून पळून आलेल्या लोकांबरोबर व्होडकाही तिथे आली होती. पेतियो पुढे न्यूयॉर्कला गेला आणि १९३४ पासून सेंट रेजिस हॉटेलच्या किंग कोल बारमध्ये उभा राहिला. दुसरीकडे जॉर्ज जेसल हा अमेरिकन विनोदी नट ‘ब्लडी मेरी माझी’ असं सांगत असे. १९६४ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाशी बोलताना पेतियोने हा हिशेब मिटवून टाकला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जेसलची मेरी म्हणजे नुसती व्होडका आणि टोमॅटोचा रस. आज जी पितात ती आपण केली. तो शेकरच्या तळाशी आधी मीठ, काळी मिरी, लाल तिखट आणि वूस्टरशर सॉसचा थर घालायचा, मग लिंबू आणि बर्फ, आणि शेवटी व्होडका व दाट रस. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मसाला पहिला, दारू शेवटी. हॉटेलला मात्र हे नाव असभ्य वाटलं, म्हणून तिथे त्याचं बारसं ‘रेड स्नॅपर’ असं झालं. मेरी नक्की कोण, इंग्लंडची राणी की आणखी कुणी, यावर भरपूर शाई सांडली आहे. तो प्रश्न ग्लास रिकामा झाल्यावर चघळायला बरा.

आता टोमॅटो. सगळी मेहनत इथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

मंडईत साधारण दोन प्रकारचे टोमॅटो दिसतात. एक लांबट, जाड सालीचा, टणक. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेट भरभरून जातो तो. लांबचा प्रवास सोसावा म्हणूनच तो तसा पिकवलेला असतो. गर भरपूर, आंबटपणा बेताचा. दुसरा गोल, जरा चपटा, पातळ सालीचा, ज्याला भाजीवाले गावठी म्हणतात. हा रसाळ आणि आंबट, पण एकटा घेतला तर रस पाणचट होतो. दोन वाटे लांबट आणि एक वाटा गावठी घेतलात तर दाटपणाही मिळतो आणि धारही. गावठी नसेल तर आंबटाची उणीव लिंबाने काढता येते, मात्र दाटपणाची उणीव नंतर भरून निघत नाही.

टोमॅटो आणल्या आणल्या फ्रिजमध्ये टाकू नका. साधारण १२ अंशांखाली टोमॅटोचा सुगंध तयार होणं मंदावतं; रंग तसाच राहतो आणि वास निघून जातो. दोन-तीन दिवस टोपलीत, देठाकडची बाजू खाली करून ठेवा. बोट दाबलं की हलकं आत जायला हवं आणि खांद्यापर्यंत गडद लाल रंग चढायला हवा. खांदे पिवळट असलेले टोमॅटो भाजीला ठीक, इथे नकोत.

रस काढण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही अर्ध्या आहेत. कच्चे टोमॅटो मिक्सरमधून फिरवले तर वास ताजा राहतो, पण वर गुलाबी फेस, खाली पिवळट पाणी अशी फाळणी होते. याचं कारण साधं आहे. टोमॅटो चिरला की त्यातलीच विकरं त्यातलं पेक्टिन तोडायला लागतात, आणि रस धरून ठेवणारं काही उरत नाही. उलट सगळे टोमॅटो शिजवले तर रस दाट राहतो, मात्र त्याला केचपच्या कारखान्याचा वास लागतो. म्हणून मधला मार्ग. एक किलोपैकी सुमारे सातशे ग्रॅम टोमॅटो शिजवायचे आणि तीनशे कच्चे ठेवायचे.

शिजवतानाही एक युक्ती आहे. सगळे टोमॅटो चिरून थंड पातेल्यात टाकून मग गॅस पेटवू नका. जाड बुडाचं पातेलं आधी चांगलं तापवा, त्यात तीन-चार टोमॅटो चिरून टाका, पळीने लगेच ठेचा, खदखदू लागलं की पुढचे तीन-चार. प्रत्येक फोड चिरल्यावर लगेच उकळीला गेली पाहिजे, म्हणजे पेक्टिन तोडणाऱ्या विकरांना वेळच मिळत नाही. सगळे पडल्यावर पाच मिनिटं पुरेत. साल सुटून वळायला लागली आणि कडेने लाल रस उसळायला लागला की उतरवा. पुरणयंत्रातून किंवा सुपाच्या गाळणीतून घासून काढा. बियांभोवतीचा बुळबुळीत गर आधी खरवडून टाकायची चूक अनेक पाककृती शिकवतात. तसं करू नका. टोमॅटोची जी तोंडात रेंगाळणारी, मांसाच्या रश्शाची आठवण देणारी चव असते, ती देणारं ग्लुटामेट त्या गरातच बाहेरच्या मांसल भागापेक्षा जास्त असतं. बिया मात्र दळल्या जाऊ देऊ नका, कडवट होतात. गाळणीत राहिल्या तर राहू द्या.

हा शिजवलेला रस आदल्या रात्री करून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतो. कच्चे टोमॅटो सकाळी मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीन वेळा फिरवा, गाळा, वरचा फेस चमच्याने काढा आणि गार रसात मिसळा. किलोमागे साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिलिटर रस मिळतो. एवढं करायचं नसेल तर सोललेल्या अख्ख्या टोमॅटोचा डबा आणा, तो बहुतेक वेळा चांगला निघतो. टेट्रापॅकमधली प्युरीही चालते. २०० ग्रॅमला ३०० मिलिलिटर गार पाणी. फक्त घटकांची यादी वाचा. टोमॅटो, मीठ आणि फार तर आंबटपणासाठी काहीतरी, इथवर ठीक. साखर दिसली की परत ठेवा. केचप पातळ करून घालणाऱ्यांशी या लेखाचा काही संबंध नाही.

ब्लडी मेरीत नाकात जाणारा जो झणका असतो तो मिरचीचा नसतो, हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाचा असतो. हे मूळ आपल्या मंडईत नाही आणि बाटलीतलं मिळालं तर महाग. पण ज्या द्रव्यामुळे ते मूळ नाकात जातं, नेमकं तेच आपल्या काळपट बारीक मोहरीत आहे. लोणच्यासाठी किंवा केळ्याच्या रायत्यासाठी मोहरी फेसलेली असेल तर नाकातोंडातून पाणी काढणारा तो वास तुम्हाला ठाऊक आहे.

फेसायची कशी ते मात्र नीट केलं पाहिजे. एक चमचा मोहरी कोरडी, बारीक वाटा. चाळणीने सालपट काढून टाकलंत तर रसात काळे ठिपके येत नाहीत. त्यात दोन चमचे थंड पाणी घालून चमच्याने एकाच दिशेने फेसत राहा. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, नुसता कडू वास येतो. मग अचानक झणका उठतो. कारण कोरड्या मोहरीत ते तिखट द्रव्य नसतंच. मोहरी फुटून पाणी लागलं की तिच्यातल्या विकरामुळे ते तयार होतं. गरम पाणी घातलंत तर ते विकरच मरतं आणि हाती फक्त कडूपणा उरतो. आंबट आधी घातलंत तरी काम अडतं. वाटी दहा मिनिटं झाकून ठेवा, झणका पूर्ण चढू द्या आणि मगच लिंबाचे चार थेंब पिळा, म्हणजे तो टिकतो. हे सगळं पाहुणे यायच्या तासभर आधी करा, रात्री करून ठेवू नका, उडून जातं. पिवळी मोहरी वापरू नका, ती जिभेला लागते पण नाकात जात नाही. मोहरी फेसायला वेळ नसेल तर वासाबीची ट्यूब चालेल. बहुतेक ट्यूबांत खरी वासाबी नावापुरती आणि हिरवा रंग दिलेलं हॉर्सरॅडिशच जास्त असतं, आणि इथे ते पथ्यावरच पडतं.

वूस्टरशर सॉस ही या पेयातली सगळ्यात परकी वाटणारी गोष्ट, पण तिच्यात चिंच आहे, लवंग आहे, लसूण आहे आणि काकवीचा गोडवा आहे. इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या ली आणि पेरिन्स या औषधविक्यांनी तो १८३७ मध्ये विकायला काढला. मूळ सॉसमध्ये आंबवलेले अँचोव्ही मासे असतात. त्यामुळे शाकाहारी पाहुणे असतील तर बाटलीवर हिरवा ठिपका आहे का ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या माशांशिवायच्या असतात. अगदीच नसेल तर एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा चिंचेचा घट्ट कोळ, गुळाचा लहानसा खडा, लवंगेची चिमूट पूड आणि थोडं व्हिनेगर एकत्र ढवळा. वूस्टरशर नव्हे, पण काम तेच करतं.

तिखटाला टबॅस्को ही जुनी सोय. लुइझियानातल्या एव्हरी बेटावर मॅकइल्हेनी घराणं १८६८ पासून तो करतं. मिरची, मीठ आणि व्हिनेगर, बाकी काही नाही. त्याचा फायदा असा की तो रसात विरघळतो. आपलं लाल तिखट मात्र पाण्यात विरघळत नाही. ग्लासच्या तळाशी बसतं, पहिले चार घोट फिके आणि शेवटचा घोट ठसका. कच्च्या तिखटाचा पिठूळपणा वेगळाच. म्हणून तिखट भुकटी ग्लासच्या काठाला मिठाबरोबर लावायला ठेवा, आत घालू नका. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे मिरची व्होडकात घालणं. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यात असतो ते पाण्यात जेमतेम आणि अल्कोहोलमध्ये सहज उतरतं. दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून ३०० मिलिलिटर व्होडकात टाका आणि दर अर्ध्या तासाने थेंबभर चाखा. मिरची लवंगी असेल तर तासाभरातच काढावी लागेल. रात्रभर विसरलात तर त्या व्होडकाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

ठेचा घालू का, असं विचारणारे भेटतात. नका घालू. ठेच्यातलं तेल रसावर तरंगतं. चाट मसाला आणि काळं मीठ घालायची पद्धत आपल्याकडच्या बारमध्ये रूढ झाली आहे. काळ्या मिठाची चिमूट मला स्वतःला आवडते, टोमॅटोला ती उचलून धरते. चाट मसाल्याने मात्र पेय पाणीपुरीच्या गाडीकडे वळतं, आणि वूस्टरशर, मोहरी सगळं त्याखाली गाडलं जातं. तेच हवं असेल तर खुशाल घाला, पण मग बाकीचे कष्ट वाचवा.

सेलरीचं मीठ हा नेहमीच्या पाककृतींतला आणखी एक अडणारा घटक. सेलरीच्या बिया मिळाल्या तर त्या किंचित भाजून चौपट मिठाबरोबर खलबत्त्यात कुटा, झालं. काष्ठौषधींच्या दुकानात ‘अजमोदा’ या नावाने त्या मिळतात, पण त्याच नावाखाली दुसऱ्याच एका झाडाच्या बियाही विकल्या जातात. चिमूट तळहातावर चोळा आणि सेलरीच्या दांड्यासारखा हिरवा, जरासा कडसर वास आला तरच घ्या. ओव्याने काम भागवू नका, ओवा दुसऱ्या कुणालाच बोलू देत नाही.

लिंबू ग्लासमागे दहा ते पंधरा मिलिलिटर. परदेशी पाककृतीत मोठं पिवळं लेमन असतं, आपलं कागदी लिंबू त्याहून धारदार; म्हणून दहापासून सुरुवात करा. बाटलीतला लिंबाचा रस नको.

व्होडकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वच्छ, साधी, बिनवासाची घ्या. इतक्या मसाल्यात महागडी बाटली कुणाला ओळखू येणार नाही, ते पैसे टोमॅटोवर घाला.

एका ग्लासचं माप असं: व्होडका ४५ मिलिलिटर, रस १५० मिलिलिटर, लिंबू १०, वूस्टरशर अर्धा चमचा, फेसलेली मोहरी पाव चमचा, टबॅस्को तीन-चार थेंब, सेलरीच्या मिठाची दोन चिमूट, जाडसर कुटलेली मिरी भरपूर. साधं मीठ चवीने. मिरच्यांची व्होडका वापरत असाल तर टबॅस्को नुसता आंबटपणापुरता, थेंबभर. बार तुम्हाला ६० देईल, पण हे ब्रंचचं पेय, सकाळी अकराला ४५ पुष्कळ झाली. आणि चव घ्यायची ती रस गार असतानाच. कोमट रसात बरोबर वाटलेलं मीठ गार झाल्यावर कमी पडतं.

यातला गमतीचा भाग असा की गारव्यासारखाच हवेच्या दाबाचा आणि गोंगाटाचाही चवीवर परिणाम होतो. विमानात टोमॅटोचा रस एवढा का खपतो, हे लुफ्तान्सा कंपनीला जाणून घ्यायचं होतं, म्हणून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने विमानासारख्या कमी हवेच्या दाबात चवी तपासल्या. जमिनीवर मातकट वाटणारा हा रस तिथे लोकांना चांगला लागला. पुढे २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की विमानातल्या घरघराटात गोड चव दबते आणि टोमॅटोत असते ती मांसल चव उठून येते. घरी वीस माणसं एकदम बोलत असताना ब्लडी मेरी मोहितोपेक्षा जास्त आवडते त्याचं कारण कदाचित हेच असेल. हा माझा तर्क, कॉर्नेलचा नव्हे.

मिसळताना शेकर जोरजोरात हलवू नका. पेतियो हलवायचा हे खरं, पण दाट रसात हवा भरते, फेस येतो आणि बर्फ फुटून रस पातळ होतो. दोन मोठे ग्लास घ्या. एकात मसाला, लिंबू, रस, व्होडका आणि बर्फ घालून या ग्लासातून त्या ग्लासात सावकाश ओता. पाच-सहा वेळा पुरे. मग ताज्या बर्फाच्या मोठ्या खड्यांवर गाळा. फ्रिजच्या ट्रेमधले बारीक खडे पाच मिनिटांत पाणी होतात. त्यापेक्षा आदल्या रात्री स्टीलच्या वाटीत पाणी गोठवा.

पाहुणे सहा असतील तर ग्लास ग्लास करत बसण्यात अर्थ नाही. लेखक हेमिंग्वेने १९४७ च्या एका पत्रात ब्लडी मेरीची कृती लिहून दिली आहे, तीही पाण्याचा अख्खा जग भरेल एवढ्या पेयाचीच. त्याहून कमी करणं त्याला फुकट वाटायचं. जगात मावेल तेवढा मोठा बर्फाचा एकच गोळा टाका म्हणजे तो हळू वितळेल, ही त्याची सूचना शंभर टक्के बरोबर आहे. त्याचं व्होडका आणि रस निम्मेनिम्मे हे प्रमाण मात्र घेऊ नका. सहा जणांना एक लिटर रस, ६० मिलिलिटर लिंबू, तीन चमचे वूस्टरशर, दीड चमचा फेसलेली मोहरी, टबॅस्को वीसेक थेंब, सेलरीचं मीठ पाऊण चमचा, मिरी एक चमचा. रात्री फक्त शिजवलेल्या रसात मीठ आणि वूस्टरशर घालून ठेवा. कच्चा रस, लिंबू, मिरी, मोहरी सगळं सकाळी. फ्लेवर रसायनांचे अभ्यासक नील दा कोस्टा यांनी २०११ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत ब्लडी मेरीला सगळ्यात गुंतागुंतीचं कॉकटेल म्हटलं होतं, आणि त्यांचा सल्लाही हाच होता की ती ताजी करा, कारण तिच्यातली द्रव्यं लवकर बिघडतात. 

व्होडका जगात ओतू नका. जग आणि बाटली शेजारी शेजारी ठेवा. न पिणाऱ्याला तोच रस, तोच ग्लास, तोच काठ मिळतो. त्याला व्हर्जिन मेरी म्हणतात आणि रस मनापासून केला असेल तर फरक फारसा जाणवत नाही. हाच धोकाही आहे. खारट-तिखट चवीखाली अल्कोहोल लपतं आणि तहान लागल्यासारखे घोट जातात. त्यात आपल्याकडे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, म्हणजे ब्रंचनंतर गाडी दुसऱ्याने चालवायची. महाराष्ट्रात व्होडकासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. आणि आदल्या रात्रीचा उतारा म्हणून ही पिण्याची जी प्रथा आहे तिला काही आधार नाही. डोकं दुखणं थोडं पुढे ढकललं जातं, एवढंच. त्यासाठी पाणी प्या.

सजावटीबद्दल माझं मत जुनाट आहे. सेलरीचा दांडा ग्लासात खोचायची पद्धत शिकागोच्या ‘पंप रूम’मधून आली असं सांगतात, तिथवर ठीक. दांडा ढवळायला उपयोगी पडतो आणि खाताही येतो. तो मिळाला नाही तर काकडीची लांब फोड, तीही सालासकट. अमेरिकेत आता ग्लासवर अख्खा बर्गर, कोळंबी, तळलेली कोंबडी असं काड्यांना टोचून उभं करतात. त्याला पेय म्हणायचं की ताट, हे त्यांनीच ठरवावं. कोळंबी द्यायचीच तर शेजारच्या बशीत, रव्यात तळून. कोथिंबीर वडी आणि ऑम्लेट-पावही याच्याबरोबर छान जातात. मिसळ नको, दोन तिखटं एकमेकांवर चढतात.

हात बसला की दारू बदलून बघा. व्होडकाऐवजी जिन घातली तर जुनिपरचा वास मोहरीशी छान जुळतो. रेड स्नॅपर हे नाव आता त्या पेयाला चिकटलं आहे. टकीला घातली की ब्लडी मारिया. कॅनडात वॉल्टर चेल यांनी १९६९ मध्ये कॅलगरीत टोमॅटोच्या रसात शिंपल्यांचा रस मिसळून ‘सीझर’ केलं आणि आज तिथे ब्लडी मेरीपेक्षा त्याचीच चलती आहे. तिसऱ्यांचं पिवळट, खारट पाणी आपण कालवणात घालतोच. ते गाळून, गार करून रसात दोन-तीन चमचे घातलंत तर सीझर घरी होतं, फक्त मीठ आधी कमी ठेवा. गोव्यातून काजूची फेणी आणली असेल तर तीही. फेणीचा वास मात्र व्होडकासारखा गप्प बसत नाही, म्हणून ३० मिलिलिटरच घ्या, वूस्टरशर निम्मं करा आणि मोहरी वगळा. फेणीच्या चाहत्यांना ही मूळ मेरीपेक्षा आवडते. मला दोन्ही चालतात, पण एकाच सकाळी नाही.

व्होडका न घातलेला रस उरला तर बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. तोवर मोहरीचा झणका गेलेला असतो आणि लिंबू जरा कडवट लागायला लागतं, त्यामुळे पुन्हा प्यायला काढू नका. कढईत तेलावर कांदा परता, हा रस ओतून निम्मा होईपर्यंत आटवा, चिमूटभर साखर घाला आणि त्यात चार अंडी फोडून झाकण ठेवा. मीठ घालायची गरज पडणार नाही.